‘इग्नमिनिअस’ : नामुष्कीचं इंग्रजी विशेषण नेमकं कुठे वापरायचं?

शब्दकोश उघडला की ‘डिसग्रेसफुल’, ‘शेमफुल’, ‘इन्फमस’, ‘स्कँडलस’ आणि ‘इग्नमिनिअस’ या पाचही विशेषणांपुढे कुठे ना कुठे ‘लाजिरवाणा’ सापडतोच. स्पर्धा परीक्षांच्या समानार्थी शब्दांच्या यादीत तर ही सगळी मंडळी एकाच ओळीत बसवलेली असतात. चार पर्यायांतून एकावर खूण करायची असेल तर ती यादी पुरते. पण स्वतःचं इंग्रजी वाक्य लिहायला घेतलं, किंवा इंग्रजी बातमीचं मराठी करायला बसलं, की यातला कुठला शब्द कुठे बसतो ते यादी सांगत नाही. मग ‘ही इज अॅन इग्नमिनिअस मॅन’ अशी वाक्यं जन्माला येतात. व्याकरण शुद्ध, पण आज असं कुणी बोलत नाही आणि लिहितही नाही.

या लेखात मी मुख्यतः ‘इग्नमिनिअस’कडे बघणार आहे. पाचांत तोच सर्वांत चुकीचा वापरला जातो, आणि तो नीट कळला की बाकीचे आपोआप आपापल्या जागी जातात.

आधी तोंडात बसवा

शब्द पाच अवयवांचा आहे : इग्-न-मि-नि-अस. जोर तिसऱ्यावर, ‘मि’वर. दुसरा अवयव अगदी ओझरता म्हणायचा. स्पेलिंगमध्ये तिथे ‘ओ’ दिसतो म्हणून ‘नॉ’ असा ठासून उच्चारू नका. त्याचं नाम ‘इग्नमिनी’. तिथे जोर उडी मारून पहिल्या ‘इग्’वर जातो. अमेरिकेत ‘इग्नॉमिनी’ असाही उच्चार कानावर येतो, तेव्हा तसं कुणी म्हटलं तर दुरुस्त करायला जाऊ नका.

स्पेलिंग आय-जी-एन-ओ-एम-आय-एन-आय-ओ-यू-एस, एकूण ११ अक्षरं. घाईत लिहिताना मधला ‘एन-आय’ गळतो. नाम वायवर संपतं, हे लक्षात ठेवून त्याचा वाय काढा आणि ‘आय-ओ-यू-एस’ जोडा, म्हणजे काही गळणार नाही.

मग रोमला जाऊन या

अर्थ पक्का करायचा तर मूळ बघावंच लागतं, कारण या शब्दाच्या मुळाशी भावना नसून एक सरकारी शिक्षा आहे.

लॅटिनमध्ये ‘नोमेन’ म्हणजे नाव. त्याला नकाराचा ‘इन्’ लागून ‘इग्नोमिनिया’ झालं : नाव जाणं, नाव गमावणं. मधला ‘ग’ लॅटिनमधल्या ‘जाणणे’ या अर्थाच्या धातूच्या प्रभावाने आला असं व्युत्पत्तिकार मानतात. हा ‘नोमेन’ आपल्याला परका नाही. संस्कृत ‘नामन्’, फारसी ‘नाम’, इंग्रजी ‘नेम’ आणि आपलं ‘नाव’ ही सगळी त्याच कुळातली. म्हणजे आपण ज्याला बदनाम म्हणतो, तो शब्द आणि ‘इग्नमिनिअस’ हे लांबचे का होईना, भाऊबंद आहेत. गंमत अशी की अर्थाने सर्वांत जवळची असलेली आपली ‘नामुष्की’ मात्र या कुळातली नाही. तिच्या मुळाशी अरबी-फारसी ‘नामूस’ आहे, म्हणजे अब्रू.

प्रजासत्ताक रोममध्ये ‘सेन्सॉर’ नावाचे दोन मोठे अधिकारी असत. साधारण पाच वर्षांनी त्यांची निवड होई आणि ते नागरिकांची मोजदाद करत. त्या याद्या तपासताना एखाद्याचं वागणं नागरिकाला न शोभणारं वाटलं, तर त्याच्या नावापुढे ते खूण करत. खटला नाही, तुरुंग नाही, फटके नाहीत, फक्त एक खूण. तिचा परिणाम मात्र मोठा : सिनेटर असेल तर सिनेटमधून बाहेर, घोडदळाच्या मानकऱ्यांपैकी असेल तर सरकारी घोडा परत. या शिक्षेचं नाव ‘इग्नोमिनिया’. रोमन वक्ता सिसेरो याने राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात तिचं मर्म सांगितलं आहे : सेन्सॉरच्या निर्णयाने दोषी माणसाला चेहरा लाल होण्यापलीकडे फारसं काही भोगावं लागत नाही, सगळा निवाडा नावापुरताच असतो, म्हणून या शिक्षेला हे नाव.

इ. स. पूर्व १८४ मध्ये केटो सेन्सॉर होता. त्याने लुसियस क्विन्क्टियस फ्लॅमिनिनस याला सिनेटमधून काढलं. हा साधासुधा माणूस नव्हता. स्वतः कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च निवडलेला अधिकारी, राहिलेला, आणि ग्रीसमध्ये मॅसिडोनियाच्या राजाला हरवणाऱ्या टायटस फ्लॅमिनिनसचा सख्खा भाऊ. आरोप असा की गॉल प्रांतात कॉन्सल असताना एका मेजवानीत, आपल्या मर्जीतल्या सोबत्याला खूश करण्यासाठी, त्याने एका माणसाचा जीव घेतला. तपशील निरनिराळे सांगितले जातात, पण शिक्षा तीच. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने पुढची हकीकत दिली आहे. एकदा नाटकाच्या वेळी हा लुसियस मानकऱ्यांच्या जागा ओलांडून मागे लांब जाऊन बसला. लोकांना ते बघवेना. त्यांनी आरडाओरडा करून त्याला पुढे यायला लावलं.

या हकीकतीत दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्या नीट बघा. मेजवानीत माणूस मारणं हे कृत्य. सिनेटमधून जाणं, चारचौघांत मागच्या बाकावर बसावं लागणं ही गत. ‘इग्नोमिनिया’ हे त्या गतीचं नाव आहे, कृत्याचं नव्हे. रोमन सैन्यातही असंच होतं. सन्मानाने मिळालेली निवृत्ती वेगळी, आजारपणामुळे मिळालेली वेगळी, आणि अब्रू काढून केलेली हकालपट्टी वेगळी. त्या तिसरीला ‘मिसिओ इग्नोमिनिओसा’ म्हणत.

इंग्रजीत हे विशेषण पंधराव्या शतकात फ्रेंच आणि लॅटिनमधून आलं, नाम त्यानंतर आलं. जुन्या इंग्रजीत ‘इग्नमिनिअस’ वाईट वागणुकीलाही लावलेलं सापडतं, आणि शब्दकोश तो अर्थ आजही देतात. पण गेली कित्येक दशकं वापर सरळसरळ गतीकडे, शेवटाकडे, पराभवाकडे झुकलेला आहे.

क्रियापदाची कसोटी

आता मुख्य युक्ती. इंग्रजी विशेषण निवडण्याआधी मनातलं वाक्य मराठीत म्हणा आणि क्रियापद कुठलं येतंय ते बघा.

‘तो लाजिरवाणं *वागला*’, ‘त्याने निर्लज्जपणा *केला*’ असं येत असेल, म्हणजे कर्त्याने काहीतरी केलं असेल, तर ‘डिसग्रेसफुल’.

‘त्याच्यावर नामुष्की *ओढवली*’, ‘मानहानी *पत्करावी लागली*’ असं येत असेल, तर ‘इग्नमिनिअस’. मराठीत नामुष्की कुणी करत नाही. ती ओढवते, येते, पत्करावी लागते. इंग्रजीतही ‘इग्नमिनी’ कुणी ‘डू’ करत नाही. ती ‘सफर’ करतात, ‘एन्ड्युअर’ करतात, आणि नशीब चांगलं असेल तर तिच्यापासून ‘स्पेअर’ होतात. दोन्ही भाषा इथे इतक्या जुळतात की ही कसोटी सहसा फसत नाही.

‘तो त्यासाठी कुप्रसिद्ध *आहे*’ असं येत असेल, म्हणजे गोष्ट घडून गेली आणि बोभाटा तेवढा उरला, तर ‘इन्फमस’ किंवा ‘नटॉरिअस’.

क्रिकेटमधली दोन उदाहरणं घेऊ, कारण आपल्याकडे नामुष्की हा शब्द क्रिकेटच्या पानावर जितका छापला जातो तितका क्वचितच दुसरीकडे.

१९ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला. कसोटीतली भारताची ही सर्वांत कमी धावसंख्या. त्याआधीचा नीचांक १९७४ मधला लॉर्ड्सवरचा ४२ होता. या डावात कुणी लबाडी केली नाही, कुणी वाईट वागलं नाही. चेंडू बॅटची कड घेत राहिले, एवढंच. म्हणून याला ‘अॅन इग्नमिनिअस कोलॅप्स’ म्हणता येतं. रागाच्या भरात लोक ‘डिसग्रेसफुल’ म्हणतात, पण तसं म्हटलं की खेळाडूंच्या वृत्तीवर ठपका ठेवल्यासारखं होतं. (पुढे तीच मालिका भारताने २-१ अशी जिंकली. एका नामुष्कीवरून मालिकेचा निकाल सांगता येत नाही, हे त्या वेळी बऱ्याच मथळे लिहिणाऱ्यांना कळलं.)

दुसरं उदाहरण मार्च २०१८ मधलं, केपटाऊनचं. ऑस्ट्रेलियाच्या कॅमरून बॅनक्रॉफ्टने चेंडू घासायला पिवळा सँडपेपर मैदानात नेला. तो कॅमेऱ्यात सापडला, मग त्याने तो पँटमध्ये दडवला. कर्णधार स्टीव्ह स्मिथ आणि उपकर्णधार डेव्हिड वॉर्नर यांच्यावर एकेक वर्षाची बंदी आली, बॅनक्रॉफ्टवर नऊ महिन्यांची. चेंडू घासणं ‘डिसग्रेसफुल’. दौरा अर्धवट सोडून कर्णधाराला मायदेशी धाडलं जाणं ‘इग्नमिनिअस’. तीच माणसं, तोच आठवडा, पण विशेषणं दोन. आणि मालिकेच्या त्या तिसऱ्या कसोटीत ऑस्ट्रेलिया चौथ्या डावात १०७ धावांत गारद होऊन ३२२ धावांनी हरली. त्या पराभवालाही ‘इग्नमिनिअस’च म्हणायचं.

शेजारचे शब्द

‘डिसग्रेसफुल’ हा रोजच्या तोंडचा शब्द. ‘ग्रेस’ म्हणजे मर्जी, कृपा. ती गेली की ‘डिसग्रेस’. हा शब्द फ्रेंचमार्गे इटालियनमधून आला, आणि आधी त्यात दरबारी मर्जीतून उतरण्याचा भाव होता. आज मात्र त्यात बोलणाऱ्याचा संताप असतो. नियम मोडलेला असलाच पाहिजे असं नाही. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला बरोबरी साधायला शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार ग्रेग चॅपल याने गोलंदाजी करणाऱ्या धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, चेंडू जमिनीवरून सरपटत टाकायला सांगितलं. त्या वेळच्या नियमांत ते बसत होतं. तरीही न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी त्यावर जाहीर आगपाखड केली, आणि पुढे असा चेंडू टाकायला बंदी आली. नियमात बसूनही ‘डिसग्रेसफुल’ कसं असतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणं अवघड.

कायद्याच्या भाषेत मात्र हाच शब्द मोजूनमापून येतो. आपल्या १९५० च्या लष्कर कायद्यात कलम ४५ अधिकारपदाला न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल आहे, तर कलम ४६ च्या मथळ्यातच ‘डिसग्रेसफुल कॉन्डक्ट’ आहे. या दुसऱ्या कलमात क्रूर आणि अश्लील वर्तन येतं, आणि आजारपणाचं सोंगही येतं. तेव्हा कायद्याचा मजकूर मराठीत आणताना दोन्हीकडे ‘गैरवर्तन’ लिहून मोकळं होता येणार नाही. पहिल्याला ‘अशोभनीय’, दुसऱ्याला ‘लांच्छनास्पद’ असा फरक ठेवावाच लागेल.

‘इन्फमस’चा उच्चार आपल्याकडे हमखास चुकतो. ‘फेमस’पुढे ‘इन’ जोडून ‘इनफेमस’ म्हणतात. बरोबर उच्चार ‘इन्फमस’, जोर पहिल्या अवयवावर, ‘फ’ अगदी हलका. अर्थातही गफलत होते : ‘फेमस नाही तो’ असा अर्थ नाही, ‘वाईट गोष्टीसाठी फेमस तो’ असा आहे. हाही रोमन कायद्यातलाच. चोरी, फसवणूक अशा प्रकरणांत दोषी ठरलेल्यांना, आणि काही पेशांतल्या लोकांना, ‘इन्फामिया’ लागे आणि त्यांचे काही हक्क जात. आश्चर्य म्हणजे नट आणि ग्लॅडिएटरही त्यांत होते. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीत ‘इन्फमस क्राइम’ आहे, ती १७९१ ची. ब्रिटनमध्ये १८५८ च्या वैद्यकीय कायद्यानुसार डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काढायचं कारण ‘इन्फमस कॉन्डक्ट’ असं लिहिलेलं होतं. शंभराहून अधिक वर्षांनी, १९६९ मध्ये, त्या जागी ‘सीरियस प्रोफेशनल मिसकॉन्डक्ट’ आलं. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर ८ डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्ट याने केलेल्या भाषणाच्या मसुद्यात आधी ‘जगाच्या इतिहासात राहील असा दिवस’ होतं. त्याने हाताने खोडून तिथे ‘इन्फमी’ लिहिलं. एका शब्दाने वाक्याचं वजन किती बदलतं ते बघायचं तर दोन्ही रूपं मोठ्याने म्हणून बघा.

‘नटॉरिअस’ याच घरातला, पण थोडा हलका. पुण्यातल्या वाहतूक कोंडीलाही चालतो. ‘स्कँडलस’मध्ये लोकांची कुजबुज आणि धक्का हवाच. गुपचूप राहिलेली गोष्ट कितीही वाईट असली तरी ती ‘स्कँडल’ होत नाही.

मराठीत आणताना

उलट दिशेने येताना ‘लाजिरवाणा’ हा शब्द शक्यतो हात राखून वापरा. तो चुकीचा नाही, पण सगळीकडे चालतो म्हणून आळशी आहे. ‘इग्नमिनिअस डिफीट’ला ‘नामुष्कीचा पराभव’ किंवा ‘मानहानिकारक पराभव’. ‘इग्नमिनिअस रिट्रीट’ला मी सरळ ‘अब्रू गमावून घेतलेली माघार’ लिहीन, किंवा मजकूर हलकाफुलका असेल तर ‘शेपूट घालून पळ’. ‘इग्नमिनिअस एंड’ला मराठीत विशेषण शोधत बसूच नका; ‘त्याच्या कारकिर्दीची अखेर फार वाईट झाली, सगळं नाव धुळीला मिळालं’ असं वाक्य मोडून लिहा. मराठीत अब्रूचा व्यवहार विशेषणांपेक्षा वाक्प्रचारांतून अधिक चालतो : नाक कापलं जातं, तोंड लपवावं लागतं, मान खाली जाते, शोभा होते, नाव बुडतं. ही सगळी क्रियापदं बहुतेक ओढवण्याच्या जातीची आहेत, आणि म्हणूनच ‘इग्नमिनिअस’ला ती फिट्ट बसतात. ‘तोंड काळं करणे’ मात्र करण्याचं आहे. तिथे ‘डिसग्रेसफुल’कडे वळा.

भाषांतर करताना कोण बोलतंय याचंही भान ठेवावं लागतं. वडगावचा प्रसंग घ्या. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायचं म्हणून मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून वर आली. जानेवारी १७७९ मध्ये ती तळेगावला पोचली, तेव्हा मराठ्यांनी मुलूख आधीच उजाड करून ठेवला होता. रसद तुटली. रात्रीच्या अंधारात अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली, वडगावला महादजी शिंद्यांच्या वेढ्यात सापडली आणि तह करून सुटली. तहात साष्टी आणि १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत देण्याचं कबूल केलं, दोन ओलीस ठेवले. मुंबई सरकारने आणि कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने नंतर तह नाकारला. मोहिमेचे म्होरके कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न या तिघांना कंपनीने नोकरीतून काढलं.

कंपनीच्या बाजूने लिहिणाऱ्याला वेढ्यात सापडून सही करणं ‘इग्नमिनिअस’ वाटेल. तोफा बुडवून रातोरात निघण्याचा निर्णय कुणा अधिकाऱ्याचा भित्रेपणा होता असं म्हणायचं असेल, तरच ‘डिसग्रेसफुल’. आणि सह्या झाल्यावर शब्द फिरवणं? तिथे मराठी लेखक ‘डिसग्रेसफुल’ वापरेल, इंग्रज लेखक बहुधा काहीच वापरणार नाही. अशा मजकुराचं मराठी करताना मूळ लेखकाने ज्या गोष्टीला विशेषण लावलंय त्याच गोष्टीला लावा. आपल्या मनाने ते तहावरून तह मोडण्यावर सरकवू नका, मोह कितीही झाला तरी.

वाक्यात बसवताना

हे विशेषण बहुतेक वेळा नामाच्या आधी येतं : डिफीट, रिट्रीट, सरेंडर, फेल्युअर, एंड, एक्झिट, डिपार्चर. या सात नामांपैकी एखादं असेल तर डोळे मिटून वापरा. ‘मॅन’, ‘पर्सन’, ‘पॉलिटिशियन’ यांच्याआधी नको. ‘बिहेविअर’आधी जुन्या पुस्तकांत दिसलं तरी आज नको.

‘इग्नमिनी’ या नामानंतर ‘ऑफ’ आणि ‘-इंग’ रूप छान जमतं : ‘ही सफर्ड द इग्नमिनी ऑफ बीइंग आउट फर्स्ट बॉल.’ यात थोडी थट्टाही आहे, कारण इतक्या भारदस्त शब्दाला इतकी किरकोळ घटना जोडली आहे. इंग्रज लेखक अशी थट्टा मुद्दाम करतात. तुम्हीही करा, पण एखाद्याच्या मृत्यूच्या किंवा आत्महत्येच्या बातमीत हा शब्द थट्टेने येणार नाही याची काळजी घ्या.

विरुद्धार्थी शब्द विचारला तर ‘ग्लोरिअस’ किंवा ‘ऑनरेबल’. ‘फेमस’ लिहू नका. तो इथला विरुद्धार्थी नाही.

सरावासाठी एकच घटना घ्या आणि तिन्ही विशेषणं तिच्यात बसवून बघा. रिचर्ड निक्सनने ९ ऑगस्ट १९७४ रोजी अमेरिकेचं अध्यक्षपद सोडलं. राजीनामा देणारा तो पहिला अध्यक्ष. वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी पक्षाच्या कचेरीत झालेल्या घरफोडीवर पांघरूण घालण्यासाठी त्याने जे केलं ते ‘डिसग्रेसफुल’. ज्या ध्वनिफितींनी त्याला उघडं पाडलं त्या ‘इन्फमस’. ‘इग्नमिनिअस’ राहतं राजीनाम्यासाठी. इथे क्रियाविशेषणही वापरता येतं : ‘हिज प्रेसिडेन्सी एंडेड इग्नमिनिअसली.’ पण ‘ही लाइड इग्नमिनिअसली’ असं लिहिलंत तर गाडी पुन्हा रुळावरून घसरली, कारण खोटं बोलणं ओढवत नाही, ते बोललं जातं.